प्रेपची गोळी मागायला कोणी आलं, तर फार्मसीची मुलं तयार आहेत का?

खानापूरची_जाई
नमस्कार मंडळी. बेळगावात बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर खानापूर तालुक्यात. प्रश्न विचारण्याआधी माझं मत सांगून टाकते. एचआयव्ही रोखणाऱ्या औषधांबाबत आम्ही परीक्षेपुरते तयार आहोत, माणसासमोर उभं राहण्यापुरते नाही.

टेनोफोविर, एमट्रिसिटाबिन, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राविर. यांची रचना, विषाणूच्या कुठल्या टप्प्यावर काम करतात, मात्रा किती, हे सगळं आम्ही पेपरात लिहितो. पण यातलीच औषधं एचआयव्ही नसलेल्या माणसाला, तो होऊ नये म्हणून देतात, यालाच प्रेप म्हणतात, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना एका सेमिनारच्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. सेमिनार संपल्यावर सरांनी विचारलं, "उद्या तुमच्या मेडिकलमध्ये एखादी बाई आली आणि म्हणाली, आमच्या मालकांना एचआयव्ही निघालाय, मला होऊ नये म्हणून काही गोळी आहे का, तर काय सांगाल?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "डॉक्टरांकडे पाठवू." कुठल्या डॉक्टरांकडे, कुठल्या विभागात, किती घाईने, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं.

आपल्याकडे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, खानापूर, कुठेही बघा, माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, मग दवाखान्यात. पुणे-बेंगळुरू हायवे इथूनच जातो. ऊसतोडीची माणसं येतात-जातात. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांची गावं याच पट्ट्यात आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

दुकानात बसणाऱ्यांनी, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी आणि ज्यांच्यावर अशी गोळी मागायची वेळ आली त्यांनीही लिहावं, नाव-गाव न सांगता. काऊंटरवर उभं राहण्याआधी आम्हाला काय यायला हवं?

गोकाक_करदंट
विषय चांगला आहे. पण प्रेप आणि पेप यात माझा गोंधळ उडतोय. कोणी जाणकार सोपं करून सांगेल का? बाकीचं त्यानंतर वाचतो.

निपाणीचा_केमिस्ट
जाई, दुकान हायवेला लागून हाय, म्हणून लिहितो. प्रेप हे नाव घेऊन आमच्याकडं कोणी येत न्हाई. माणूस येतो तो असा: रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली असताना, बाकीची गिऱ्हाइकं जाऊ देतो, मग हळूच म्हणतो, "काल जरा गडबड झाली, काही गोळी हाय का?"

आता या वाक्याला कुठल्या दुकानात काय मिळतं ते सांगतो. कुठं अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप, कुठं डॉक्सी, वर एक बी-कॉम्प्लेक्स. माणूस समाधानानं घरी जातो. त्याच्या हातात जो वेळ होता तो असा निघून जातो. ही माझी खरी तक्रार हाय, कारण गोळी न देणारा निदान त्याला दुसरीकडं जायला मोकळा सोडतो. चुकीची गोळी देणारा त्याला घरी बसवतो.

दुसरं, माल. पेपचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स मी दुकानात ठेवत न्हाई, निपाणीत कोणी ठेवत असेल असं वाटत न्हाई. चिठ्ठी आली की बेळगावच्या न्हाईतर कोल्हापूरच्या स्टॉकिस्टला फोन, आणि माल दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं. चिठ्ठीशिवाय मी देत न्हाई, शेड्यूल एच हाय ते.

तिसरं तुमच्याबद्दल. डी.फार्मची पोरं पाचशे तासांच्या ट्रेनिंगला येतात. एक्स्पायरी बघतात, रॅक लावतात, बिलं काढतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मालक देत न्हाई आणि पोरंही मागत न्हाईत. मग ते येणार कुठून?

डॉ_घटप्रभा
गोकाक_करदंट, तुमच्यासाठी.

प्रेप ही धोका येण्याआधी घ्यायची गोळी. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम एकाच गोळीत, रोज एक. एमट्रिसिटाबिनऐवजी लॅमिव्हुडिनही चालतं. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली, आपल्या नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नियमित घेतली तर लैंगिक संबंधातून होणारी लागण जवळजवळ पूर्ण थांबते. मधे मधे सोडली तर संरक्षण झपाट्याने उतरतं.

पेप ही प्रसंग घडून गेल्यावरची. सुई टोचली, बलात्कार झाला, कंडोम फाटला. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर अशी तीन औषधं, अठ्ठावीस दिवस. दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. म्हणजे निपाणीच्या दादांनी सांगितलेला माणूस पेपसाठी आला होता. प्रेपसाठी नव्हे.

आता जाईच्या सरांचा प्रश्न. त्या बाईला सांगायचं पहिलं वाक्य माझ्या मते असं: "मालकांची गोळी चालू झाली का, आणि व्हायरल लोड तपासला का?" एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, नीट चालू असेल आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नसेल, तर नवऱ्यापासून संबंधातून लागण होत नाही. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण उपचार नुकताच सुरू झाला असेल तर लोड खाली यायला काही महिने जातात, आणि त्या मधल्या काळासाठी तिला प्रेप उपयोगी आहे. मूल हवं असेल तर त्याचंही नियोजन करता येतं. शेवटच्या काही दिवसांत असुरक्षित संबंध आलेला असेल तर आधी पेपचा विचार. इतकं सगळं एका प्रश्नामागे आहे, म्हणून वर्ग गप्प झाला याचं मला नवल वाटलं नाही.

कित्तूर_नाका
डॉक्टर, एक शंका. गोळी इतकी चांगली आहे तर कोणीही येऊन घेऊन जावी, तपासण्या कशाला? माणूस तपासणीच्या नावानेच पळतो.

डॉ_घटप्रभा
तपासणीशिवाय द्यायची नाही, आणि फार्मसीच्या मुलांनी यामागचं कारण समजून घ्यायला हवं, नुसता नियम पाठ करून भागणार नाही.

माणसाला आधीच एचआयव्ही झालेला असेल आणि आपण प्रेप सुरू केली, तर ती दोन औषधं उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून सुरू करण्याआधी आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. हिपॅटायटिस बी बघायचं, कारण टेनोफोविर त्यावरही चालतं, आणि तो असलेल्या माणसाने गोळी अचानक बंद केली तर यकृताचा आजार उसळू शकतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी.

आणि काऊंटरवरच्या माणसालाच दिसणारी एक गोष्ट. ऊसतोडीची, हमालीची माणसं अंगदुखीला रोज डायक्लोफेनॅक घेतात. टेनोफोविरसोबत हे भारी डोसात चालू राहिलं तर मूत्रपिंडाला धोका. डॉक्टरला हे कळत नाही, कारण ती गोळी चिठ्ठीवर नसतेच, दुकानातून परस्पर घेतलेली असते. फार्मासिस्टला मात्र दिसते.

सातबारा_हुक्केरी
सर्वांच्या भावना समजू शकतो, पण वेगळं मत मांडतो. अशी गोळी सहज मिळायला लागली की भीती जाते, आणि भीती गेली की माणूस मोकाट सुटतो. तरुण मुलामुलींना कॉलेजात संयम शिकवायचा की हे? माझी मुलगीही फार्मसीला आहे. तिने काऊंटरवर उभं राहून पुरुषांना असले प्रश्न विचारावेत हे बाप म्हणून मला पटत नाही.

वॉर्डराऊंड
काका, तुमची मुलगी फार्मसीला आहे म्हणजे ती गर्भनिरोधक गोळ्याही देणार, पाइल्सचं मलमही देणार, मुतखड्याबद्दलही विचारणार. हे प्रश्न त्याच कामाचा भाग आहेत.

पारू_चिकोडी
सातबारा काका, रागावून लिहीत नाही. पण मला बोलायलाच हवं.

मी गावोगावी बायकांमध्ये काम केलंय, पिअर म्हणून, म्हणजे त्यांच्यातलीच एक कार्यकर्ती म्हणून. माझी आई यल्लम्माला सोडलेली होती. १९८२ ला कर्नाटकात देवदासी प्रथा बंद करायचा कायदा झाला, तरी त्यानंतरही पोरींच्या गळ्यात मोती बांधलेले मी बघितलेत. भीतीने माणूस सुधारतो म्हणता, तर आमच्या वस्तीत भीतीची काय कमी होती? नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर दर घरातून माणूस गेला. औषध तेव्हा विकत घ्यायचं म्हणजे जमीन विकायची. सरकारी एआरटी फुकट सुरू झाली २००४ ला. तोवर आम्ही भीतच होतो आणि मरतही होतो.

थांबलं ते भीतीने थांबलं नाही. सांगलीत १९९२ ला संग्राम संस्था सुरू झाली, तिचं काम पुढे सीमा ओलांडून निपाणीपर्यंत आलं. बायकांनीच बायकांना कंडोम वाटले, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकवलं. आपल्याच राज्यात म्हैसूरला अशोदया समितीच्या आणि तिकडे कोलकात्यात दुर्बारच्या, म्हणजे धंदा करणाऱ्या बायकांच्याच संघटनांतल्या, बायकांनी प्रेप रोज घेऊन दाखवली. अडाणी बायका रोज गोळी कशी घेतील असं म्हणणारे होते. घेतली त्यांनी, एकमेकींना आठवण करत घेतली.

आणि काका, मोकाट सुटलेल्यांचंच म्हणाल तर, माझ्याकडे आलेल्या किती तरी बायका एका नवऱ्याशिवाय कोणाला ओळखत नव्हत्या. नवरा गाडीवर, महिना महिना बाहेर. त्यांना कुठला संयम शिकवायचा?

जाई, तुझ्या प्रश्नाकडे येते. मेडिकलमध्ये आमचं काय होतं ते सांगते. चिठ्ठी दिली की पोरगा नाव वाचतो, मोठ्याने आतल्याला विचारतो, "ही एचआयव्हीची गोळी आहे का रे आपल्याकडे?" मागे चार माणसं उभी. ती बाई परत त्या दुकानात येत नाही. गोळीही घेत नाही.

चिक्कोडी_एक्सप्रेस
पारू अक्का, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावात मेडिकलमधून खोकल्याचं औषध नेलं तरी आपण घरी पोचायच्या आत शेजारीण काढा घेऊन हजर असते. तिथे ही गोळी कोण मागणार! म्हणूनच लोक मिरजेला जातात. अथणी-कागवाडची माणसं मिरज-सांगलीला, निपाणीची कोल्हापूरला, चंदगडची उलट बेळगावला. आपल्या तालुक्यात ओळखतात म्हणून दुसऱ्या राज्यातून गोळ्या आणायच्या.

रात्रपाळी_सिस्टर
हा धागा दवाखान्यातल्या स्टाफनेही वाचायला हवा.

सलाईन काढताना मला सुई टोचली होती, एका खासगी दवाखान्यात. पेशंट पॉझिटिव्ह होता हे माहीत होतं. भिंतीवर पेपचा तक्ता चिकटवलेला, कपाटात गोळ्या आहेत हेही माहीत, पण कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे. रात्री त्याचा फोन लागेना. औषध विभागात ट्रेनी मुलगा होता, त्याला पेप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो चांगला मुलगा होता, घाबरून गेला बिचारा, पण मला त्या वेळी त्याची भीती नको होती, गोळी हवी होती. सकाळी मिळाली. सुदैवाने नंतरच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या.

सुई टोचून लागण व्हायचा धोका साधारण हजारात तीन. कमी आहे, पण त्या रात्री हा आकडा कोणी शांतपणे सांगितला असता तर मी निम्मी सावरले असते. फार्मसीच्या मुलांना एवढं तरी यायला हवं: जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही, आणि ताबडतोब पहिली गोळी. कागदपत्रं नंतर.

सातबारा_हुक्केरी
पारूताई, नवऱ्यापासून बाईला होतो हा तुमचा मुद्दा मान्य. सिस्टरांचाही. त्यांना गोळी मिळालीच पाहिजे. कॉलेजच्या मुलांच्या हाती ती सहज पडावी का, यावर माझं मत अजून तेच आहे.

वॉर्डराऊंड
मी फार्म.डीची इंटर्नशिप करतोय, म्हणून अभ्यासाच्या बाजूने थोडं.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत फार्मसीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा दिसतं: प्रेप ऐकून माहीत असते, पण कोणाला द्यायची, आधी काय तपासायचं आणि लैंगिक आयुष्याबद्दल कसं विचारायचं, इथे हात थरथरतो. तिथे तर फार्मासिस्टला जास्त अधिकार आहेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय साठ दिवसांपर्यंतची प्रेप आणि पेपचा पूर्ण कोर्स द्यायची मुभा फार्मासिस्टला दिली. पण तेव्हाच्या अटी बघा. आधी ठरवून दिलेलं प्रशिक्षण, आणि प्रेपसाठी मागच्या सात दिवसांतली निगेटिव्ह चाचणी.

आपल्याकडे डी.फार्मच्या नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे ईआर-२०२० मध्ये, सोशल फार्मसी हा विषय आला, कम्युनिटी फार्मसीही आहे. जागा आहे. शिकवणारा तिथे काय भरतो यावर सगळं अवलंबून.

माझं मत, प्रेप चिठ्ठीवरच राहू दे. पेपची पहिली एक-दोन दिवसांची मात्रा मात्र प्रशिक्षित फार्मासिस्टला देता यायला हवी, पुढचं दवाखान्यात. रात्रीचे बारा तास वाचतील.

निपाणीचा_केमिस्ट
वॉर्डराऊंड, तुझं कागदावर बरोबर हाय, पण मी विरोधात. का ते ऐक. आपल्याकडं किती दुकानांत फार्मासिस्ट हजर असतो? सर्टिफिकेट भिंतीवर असतं, माणूस दुसऱ्या गावात नोकरी करतो, आणि काऊंटरवर दहावी झालेला भाचा. अशा ठिकाणी चिठ्ठीशिवाय द्यायची परवानगी आली तर उद्या प्रेपही अझिथ्रोसारखीच विकली जाईल, दोन दोन गोळ्या कापून. डॉक्टरांनी सांगितलेला तो दाद न देणारा विषाणू मग आपणच तयार करणार. आधी दुकानात फार्मासिस्ट बसवा, मग अधिकार द्या.

वॉर्डराऊंड
मान्य नाही दादा. भाड्याच्या लायसन्सवर कारवाई करायची सोडून जिथे फार्मासिस्ट खरोखर बसतो त्यालाही बांधून ठेवायचं, यात त्या रात्री साडेनऊच्या माणसाचं काय?

निपाणीचा_केमिस्ट
त्याला आज, आत्ता, सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीचा रस्ता दाखवता येतो. एवढं केलं तरी पुष्कळ, आणि एवढंही होत न्हाई. तुझ्या-माझ्या वादात हे राहून जायला नको.

अथणी_अण्णा
मी कन्नड माध्यमात शिकलेला, मराठी बोलतो आणि वाचतो, लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

जिल्ह्यात पोस्टर बहुतेक कन्नडमध्ये असतात. चंदगड किंवा गडहिंग्लजकडून आलेल्याला वाचता येत नाही. उलट मिरजेला गेलेल्या आमच्या माणसाला मराठी पत्रक देतात. आणि म्हाताऱ्या बायकांना दोन्ही वाचता येत नाही, म्हणून तोंडी सांगणं आलंच. फार्मसी कॉलेजात केरळची, बिहारची मुलंही असतात, ती इंग्रजीत शिकतात आणि काऊंटरवर हातवारे करतात. मुलांनी ही पाच-सात वाक्यं कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलायचा सराव करावा. कन्नड वाक्यं मी बघून देतो.

गोकाक_करदंट
आता सगळं वाचलं. पेप-प्रेप डोक्यात बसलं, डॉक्टरांचे आभार. एक बातमी आठवली: वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलंय ना? मग गोळीची भानगडच मिटेल.

डॉ_घटप्रभा
लेनाकापाविर. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. आफ्रिकेतल्या तरुण मुली आणि बायकांवरच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या आपल्याच कंपन्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या १२० देशांसाठी २०२७ पासून वर्षाला साधारण चाळीस डॉलरला देणार असं जाहीर झालं आहे. पारूताईंनी लिहिलेली काऊंटरवरची लाज यात बरीच टळेल, घरात गोळ्यांची बाटली लपवायला नको. पण चाचणी तेव्हाही लागेल, आणि प्रसंग घडून गेल्यावर पेपला दुसरा पर्याय नाही. शिवाय प्रेप असो वा इंजेक्शन, गरमी-परमा आणि गर्भ यांपासून संरक्षण नाही, तिथे कंडोमच.

नाव_नको
नवीन आयडी काढून लिहितोय. मी पुरुषांशी संबंध ठेवणारा आहे, गाव सांगत नाही. प्रेप पुण्यात असताना सुरू केली, इथे परत आल्यावर मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली. दुकानदार म्हणाला, "तुला एचआयव्ही आहे हे घरी माहीत आहे का?" मला एचआयव्ही नाही, तो होऊ नये म्हणूनच घेतोय, हे मी त्याला सांगत बसलो नाही. निघून आलो. काही महिने गोळी बंद होती.

जाई, तुझ्यासारखी कोणी तिथे असती आणि तिने नुसतं "या गोळ्या रोज एका वेळी घ्या, दर तीन महिन्यांनी चाचणी करता ना?" एवढंच विचारलं असतं, तर मी त्या दुकानाचा कायमचा गिऱ्हाईक झालो असतो.

पारू_चिकोडी
भाऊ, लिहिलंस ते बरं केलंस. आता पुन्हा चालू केलीस का? करायच्या आधी चाचणी कर, मधे खंड पडलाय. १०९७ हा नॅकोचा फुकट नंबर आहे, जवळचं केंद्र सांगतात.

चिक्कोडी_एक्सप्रेस
त्या दुकानदाराला कोणी तरी सांगा की टेनोफोविर हिपॅटायटिस बीलाही देतात. गोळी बघून आजार ठरवणं हे अज्ञानच. आणि घरी माहीत आहे का हे विचारणारा तो कोण? एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करता येत नाही, भेदभाव करता येत नाही. हा कायदा किती फार्मसी कॉलेजांत शिकवतात?

खानापूरची_जाई
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. नाव_नको दादा, तुमचा प्रतिसाद मी वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आयडीही न दाखवता. चालेल ना? नको असेल तर लगेच काढते.

आम्ही काही जणांनी ठरवलंय की सरांना सांगून प्रॅक्टिकलच्या तासाला सराव करायचा. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने फार्मासिस्ट, बाकीच्यांनी मागे रांगेत उभं राहायचं, कारण खरी अडचण त्या रांगेचीच आहे. तोंडावर हसू न आणता, आवाज न चढवता बोलता येतं का ते बघायचं. वॉर्डराऊंड आणि केमिस्ट दादांच्या वादात मी सध्या दादांच्या बाजूने आहे. अधिकार मिळेल तेव्हा मिळेल, रस्ता दाखवायला आजही कोणी अडवत नाही.

पारू अक्का, पहिलं वाक्य काय असावं? डॉक्टरांनी नवऱ्याच्या उपचाराबद्दल विचारा म्हटलंय, पण ते त्या एका बाईपुरतं. रात्री साडेनऊच्या माणसाला?

पारू_चिकोडी
"कोणासाठी पाहिजे" हे कधीच विचारायचं नाही. "काय झालं" हेही नाही, तो गोष्ट सांगायला लागतो आणि त्यातली निम्मी खोटी असते, लाजेने. विचारायचं ते एकच: "किती वेळ झाला?" काल रात्री म्हणाला तर वेळ आहे, परवा म्हणाला तरी अजून आहे, घाई कर म्हणायचं. आठवडा म्हणाला तर चाचणीला पाठवायचं, आणि पुन्हा केव्हा करायची ते केंद्रात विचार म्हणायचं. हा प्रश्न विचारताना त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, हातात काही तरी काम ठेवायचं. बाजूला घ्यायची जागा नसेल तर कागदावर लिहून सरकवायचं. वाचता येत नसेल तर दुकानाच्या पायरीपर्यंत त्याच्यासोबत जायचं.

आणि जबरदस्ती झालेली पोरगी असेल तर तिला एकटीला पाठवायचं नाही. सोबत बाई द्यायची.

रात्रपाळी_सिस्टर
अक्कांच्या "किती वेळ झाला"ला माझा पाठिंबा. त्या रात्री मला कोणी हे विचारलं नव्हतं.

निपाणीचा_केमिस्ट
जाई, तुम्ही मुलं दुपारच्या वेळी माझ्या दुकानात या. दोनच्या पुढं गर्दी नसते. काऊंटर देतो, मी मागं बसतो. नुसती बिलं काढून देणार न्हाई, आधीच सांगतो.

आणि या धाग्यामुळं एक करतोय. कुठल्या दवाखान्यात रात्री पेप मिळते, कोण भेटतं, हे स्वतः जाऊन विचारून येतो आणि नंबर काऊंटरच्या आतल्या बाजूला चिकटवतो. इतर दुकानदार वाचत असतील तर त्यांनीही आपापल्या गावचं विचारून ठेवा.

अथणी_अण्णा
कन्नड वाक्यं तयार आहेत. जाई, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. "एष्टु होत्तायितु", म्हणजे "किती वेळ झाला", हे पहिलं ठेवलंय.

डॉ_घटप्रभा
सरावात एक भर घालायची. पेपमध्ये डोलुटेग्राविर आहे, आणि आपल्याकडे पोटात जळजळलं की लोक लगेच अँटासिड घेतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, हे सगळं डोलुटेग्राविर शोषू देत नाही. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. मधुमेहाचा पेशंट असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, डॉक्टरला कळवायचं. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविरचा डोस दुप्पट लागतो, तेव्हा "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत" हे दुसरं वाक्य ठेवा. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी होते, तीही आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद होतात.

नाव_नको
जाई, चालेल. राहू दे ग्रुपवर. पारू अक्का, चाचणी केली, निगेटिव्ह आली. गोळी परवापासून चालू आहे. या वेळी कोल्हापुरातून आणली, पुढच्या महिन्यात निपाणीच्या दादांकडे ऑर्डर देऊ का?

निपाणीचा_केमिस्ट
दे. चिठ्ठीचा फोटो निरोपात पाठव, संपायच्या आठ दिवस आधी. पाकिटात घालून ठेवतो, नाव सांगायची गरज न्हाई, फक्त चिठ्ठी घेऊन ये.